फुटबॉल कोणत्या पानावर?

कार्बन पेपरचा वास आला की परभणीतलं ते पंपांच्या सामानाचं दुकान आठवतं. मी तिथे नवीनच टायपिस्ट होते. कोटेशन झटपट देता यावं म्हणून मालकांनी साऱ्या मालाची यादी करायला सांगितली. ग्रीसनं माखलेले खोके उघडून, कंपन्यांचे नंबर लावून, मी ती पंधरा दिवसांत पुरी केली. दुसऱ्याच दिवशी पेडगावचा एक शेतकरी घाईनं आला. "बाई, फुटबॉल द्या लौकर, मिरच्या सुकायल्यात." मी यादी दोनदा चाळली आणि त्याला चौकातल्या खेळाच्या दुकानात पाठवलं. तो लालबुंद होऊन परतला. "तितं चेंडू दाखवायलेत की वो!" आमच्या दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेतेकाकांनी विहिरीतल्या पाइपाच्या तळाला लागणारा फूट व्हॉल्व्ह त्याच्या हातात दिला. मी भडकलेच. "काका, याला फुटबॉल म्हणतात हे आधी का नाही सांगितलं?" "तुमी इचारलं कुठं?" मग यादी पुन्हा पहिल्यापासून! कोणत्या वस्तूला चुडाव्यात काय म्हणतात, देवगाव फाट्यावर काय, हे ते चहा फुंकत सावकाश सांगायचे आणि मी दात-ओठ खात टाइप करायचे. एवढं सगळं विचारलं, पण त्यांच्या घरी कोण कोण होतं, हे मला आजही माहीत नाही.