चालतं दुकान का सोडलंस?

आमच्या विट्याकडच्या गावात जत्रा उरकली की गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. जो तो गलाईच्या धंद्याला, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायला, परमुलखात. दोन-दोन मजली बंगले बांधायचे, वर्षातून पाच दिवस राहायचं आणि कुलूप लावून जायचं. माझ्या गल्लीत सात घरं. संध्याकाळी दिवा लागतो तो एकट्या माझ्या घरात.

मीही तीस वर्षं तमिळनाडूत भट्टीपुढं काढली. सहा वर्षांपूर्वी बायको आजारी पडली, तेव्हा दुकान पोराच्या हवाली करून आलो. ती गेली. मी राहिलो. आणि दोन वर्षांपूर्वी पोरानं ते चालतं दुकान दुसऱ्याला देऊन तिथंच चपाती-भाजीची खानावळ काढली.

राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर. दर रविवारी फोन लावायचा की सुरू! का सोडलंस? मला का इचारलं न्हाईस? भावकीत माझं नाक का कापलंस? तो म्हणायचा, "जाऊ द्या की आबा." पुढं पुढं सूनच फोन उचलायला लागली. "बाहेर गेल्यात," म्हणायची, आणि मागून त्याचा आवाज ऐकू यायचा. यंदा जत्रेलाही आला नाही. सगळी गल्ली माणसांनी भरलेली, आणि मी दार लोटून आत बसलेलो. खोटं कशाला सांगू, रडलो.

मागच्या आळीतली वहिनी मटणाचं ताट घेऊन आली. म्हातारी फटकळ. माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, पोराशी बोलताय का पोलिसावानी जबाब घेताय?"

लय झोंबलं. पण भट्टीवर नवा माणूस आला की मीच त्याला दटावायचो, 'का' ते विचारू नको, 'कसं' ते विचार. भट्टीचा ताव कसा ओळखायचा, सोनं वितळवायची तापलेली मूस कशी उचलायची, सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर कसा चुकवायचा. धंद्यात एवढं शहाणपण, आणि घरात नुसता ठणठणपाळ.

पुढच्या रविवारी फोन लावला. नशिबानं त्यानंच उचलला. जीभ आवरली आणि विचारलं, "एवढ्या चपात्या कशा करतोस रं?"

तो मग बोलायला लागला. कणीक किती वाजता भिजवतो, गव्हात काय खोट निघते, तिथली माणसं आमटीत चिंच मागतात, सगळं. मी आपला हूं हूं करत होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा पोराचं हसणं ऐकलं.

"आन् झोप कशी लागती?" मी विचारलं.

"आता लागती, आबा. खोकला थांबलाय."

"कसला खोकला?"

"तेजाबाच्या धुराचा. चार वर्सं हुता. रातभर बसून काढायचो. डाक्टर म्हणला, भट्टी सोड, न्हाईतर छाती जाईल. मग सोडली."

मला सांगितलं का न्हाईस, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या चार वर्षांत मी त्याला फोनवर भट्टीशिवाय काही विचारलंच नव्हतं.