नमुन्यात नसलेली डिस्क

आमच्या पंतनगरच्या बिल्डिंगीत कुणाला अर्ज लिहायचा असला की तो धाकूकाकांचं दार वाजवतो. काकांचे वडील तळकोकणातून येऊन गिरणीत लागले. काका पालिकेत क्लार्क झाले, तिथे चौतीस वर्षं काढली. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशाला दोन पेनं असतातच, आणि कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख आहे का ते बघणार. माझ्या मुलीच्या, संघमित्राच्या जातपडताळणीचे कागद तीनदा परत आले, तीनही वेळा काकांनीच पुन्हा लिहून दिले. बदल्यात चहासुद्धा घेतला नाही.

मी रोज सकाळी बुद्धवंदना झाली की वहीत कालच्या दिवसाच्या चार ओळी लिहिते. या आठवड्याचं चार ओळींत मावेना.

विमलाकाकूंचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी तीन ते सात. काका कायम सोबत. त्यांचा धाकटा, सर्वेश, कबड्डी खेळतो. दोन वर्षं टीममध्ये आहे, पण राखीव म्हणून बाकावर बसलेलाच. या शनिवारी पहिल्यांदा तो सातांत उतरणार होता आणि मॅच टीव्हीवर दिसणार होती, संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे आईबाप नेमके सेंटरमध्ये. साखरेनं काकूंची नजर कमी झालेली, मोबाईलवर त्यांना काही दिसत नाही. तेव्हा काकांनी ठरवलं, घरच्या मोठ्या टीव्हीवर रेकॉर्ड करायचं आणि रविवारी काकूंना जवळ खुर्ची टाकून दाखवायचं.

टीव्हीच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय होती, पण साठवायला बाहेरून डिस्क लावावी लागते. बुधवारी दुपारी काकांनी मला हाक मारली, बॉक्सच्या मागे बॅटरी धरायला. त्यांच्या हातात काळी डिस्क होती, पाकिटाएवढी. दिशाची, म्हणाले. दिशा त्यांची मुलगी, कॉलेजात शिकवते आणि पीएचडी करते. ती घरी नव्हती. मी म्हटलं, तिला फोन तरी करा. तर म्हणाले, तासाला असेल ती, आणि तिचं काही काढत नाहीये मी, एका फाइलीत आणखी एक कागद लावला तर काय होतं?

वायर जोडली. टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"डिस्क आमच्या फॉरमॅटमध्ये नाही म्हणतो. फॉरमॅट करू का विचारतोय."

"म्हणजे काय हो?"

"फॉरमॅट म्हणजे विहित नमुना. अर्ज नमुन्यात नसला तर आम्ही परत पाठवायचो. हा बिचारा स्वतःच नमुन्यात करून घेतोय. एवढी सर्व्हिस आम्ही कधी दिली नाही कुणाला."

मी हसले. त्यांनी बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात काम झालं. काकांनी चाचणी म्हणून पाच मिनिटं बातम्या रेकॉर्ड केल्या, लावून बघितल्या, मग शनिवारची वेळ भरून ठेवली. वेळ झाली की बॉक्स आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणार होता. शेवटी डिस्कवर जागा किती आहे ते बघायला गेले.

"सगळी मोकळी दाखवतोय," म्हणाले. मग, "दिशा तर परवा म्हणत होती, डिस्क भरत आली."

दिशाचा अभ्यास वर्सोव्याच्या जुन्या कोळणींच्या बोलीवर. तीन वर्षं ती त्यांच्याकडे जात होती, त्या मासळी निवडत बसायच्या आणि ही शेजारी बसून त्यांचं बोलणं टिपून घ्यायची. लॅपटॉपला जागा उरली नाही म्हणून सगळे आवाज या डिस्कवर उतरवलेले. लिहून काढलेलं निम्मंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी संघमित्राला फोन लावला. ती पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं एवढंच विचारलं, त्यानंतर डिस्कवर नवीन काही भरलंय का. पाच मिनिटं बातम्या, मी म्हटलं. मग ती घाईनं म्हणाली, आई, आता ती वायर काढायला सांग. फॉरमॅट केलं तरी जुनं लगेच जात नाही, दुकानवाले काढून देऊ शकतात. पण त्याच्यावर तासाभराची मॅच चढली तर तिथलं कायमचं गेलं.

मी जशीच्या तशी गोष्ट काकांना सांगितली. ते जिन्यात उभे होते, काकूंचे रिपोर्ट घेऊन. ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढी मोठी डिस्क, त्यात तासभराची मॅच केवढी जागा खाणार? नेमकी आवाजांवरच कशाला चढेल? मग हळूच म्हणाले, शनिवारपर्यंत कुणाला बोलू नकोस राधा, काकूचा जीव लागलाय त्या मॅचमध्ये.

मी हो म्हटलं. त्यानंतर दोन सकाळी पंचशील म्हणताना 'मुसावादा वेरमणी', म्हणजे खोटं बोलणार नाही, इथे मी अडखळले. खोटं असं काही बोलले नव्हते. पण दिशा जिन्यात भेटली, आई कशी दिसतेय बघा ना म्हणाली, आणि मी तिच्याशी फक्त काकूंच्या सुजलेल्या पायांबद्दल बोलत राहिले.

शनिवारी सहाला मी त्यांच्या दारात गेले. त्यांची चावी वर्षानुवर्षं आमच्याकडे असते. पण काकांनी वायर काढ असं सांगितलेलं नव्हतं, आणि न विचारता दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावणं मला जमेना. सव्वासहाला काकांना फोन केला. म्हटलं, काका, मी दारात उभी आहे. काढू म्हणा किंवा नको म्हणा, पण तुम्ही म्हणा.

पलीकडे मशीनचा बारीक पीं पीं आवाज येत होता. मग काकूंचं ऐकू आलं, कोणाचो फोन, काय झाला? आणि काका सांगू लागले. फोन कानाला तसाच होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. अडखळत सांगितलं, पण बुधवारपासूनचं सगळं सांगितलं. मग फोन काकूंच्या हातात गेला.

"राधा, आधी ती वायर काढ गो."

"आणि मॅच?"

"मॅच मरो. तू काढ."

मी कुलूप उघडलं आणि वायर ओढली. सहा पंचवीस झाले होते. मॅच मीही पाहिली नाही.

साडेसातला दोघं आले, पाठोपाठ दिशा. डिस्क टेबलावर होती. ती बघून दिशा थांबली. काका बूट न काढता उभे राहिले आणि ऑफिसात बोलावं तसं म्हणाले, "दिशा, माझ्याकडून तुझी डिस्क फॉरमॅट झाली."

काकू खुर्चीत टेकत होत्या. "झाली नाय. केलीत म्हणा."

"मी केली," काका म्हणाले.

दिशानं आधी विचारलं, कधी. बुधवारी, काका म्हणाले. कशासाठी ते सांगितलं तेव्हा ती भावाबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे वळली.

"राधाकाकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

ती चपलांच्या स्टँडवरच बसली. "मला विचारलं असतं तर येताना दुसरी घेऊन आले असते, बाबा. स्टेशनबाहेर मिळते."

रविवारी ती एकटीच डिस्क घेऊन कुर्ल्याच्या दुकानात गेली. दहा दिवस लागतील म्हणाले, निघेल तेवढं काढू, खात्री देत नाही. ती परत आली तेव्हा मी काकूंपाशी बसले होते. काका कागद-पेन घेऊन टेबलाशी गेले आणि तिला म्हणाले, त्या बायकांची नावं सांग. मी जातो, एकेकीच्या पाया पडतो, पुन्हा बोला म्हणतो.

दिशानं खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. मग खिडकीकडे बघत एकेक नाव सांगू लागली, कुणाचं घर कुठल्या गल्लीत तेही. काका नेहमीच्या अक्षरात, आकडे घालून लिहीत गेले. सातव्या नावाला ती म्हणाली, "ते नका लिहू. ती गेली गणपतीत."

नाव लिहून झालं होतं. काकांनी ते खोडलं नाही. पेन तसंच धरून आठवं नाव येण्याची वाट बघत बसले, आणि दिशा उठून आत गेली.