इथवर जिवंत

नळीला हात लावायचा तर तळहात लावायचा नाही, हाताची पाठ लावायची. हे मला आमच्या मिस्त्रीने शिकवलं. तळहात कष्ट करून निबर झालेला असतो, तो खोटं बोलतो. हाताची पाठ खरं सांगते, असं त्याचं म्हणणं. बंबापासून निघून तो नळीवर हाताची पाठ टेकवत टेकवत चालायचा आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्याने पुकारा करायचा, "इथवर जिवंत! इथवर जिवंत!" मध्येच कुठे नळी गार लागली की तिथे थांबून, जणू चोरच पकडला अशा थाटात म्हणायचा, "हं! इथं अडलं."

पुढे काय करायचं ते त्याला कळलेलं असेलच असं मात्र नाही.

संस्थानाच्या काळातली ही गोष्ट. मी जव्हारच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तुम्ही पौषात जव्हारला राहिला असाल तर तिथल्या वाऱ्याबद्दल मी सांगायला नको. पठारावर तो चहूकडून येतो. अशा थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगड्या ठेवाव्यात तर धुराने बाळ-बाळंतीण दोघं खोकायची. म्हणून आमच्या डॉक्टरांनी दरबाराकडे शब्द टाकला आणि नाशकाकडचा एक तांबट आणवला. तोच हा मिस्त्री. आला बंब बसवायला आणि राहिला कायमचा.

त्याने केलेली सोय तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. बाळंतिणीच्या खोलीमागे बंबखोली. तिथे माणूसभर उंचीचा तांब्याचा बंब, खाली लाकडाची भट्टी. ऊन पाणी बंबातून माळ्यावरच्या टाकीत चढायचं, तिथून नळीने उतरून बाळंतिणीच्या खोलीला वेढा घालायचं आणि गार झालं की पुन्हा बंबाच्या पायाशी यायचं. ना पंप, ना चाक. नळीच्या शेवटच्या टोकाला, अगदी खाटेजवळ, एक तोटी होती. पावसाळ्यात नळी रिकामी करायची असली तरच ती सोडायची.

"विस्तव दिसत नाही, धूर दिसत नाही, पण ऊब आहे की नाही?" येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून तो खोलीत न्यायचा. "सांगा बरं, विस्तव कुठंय?" समोरचा इकडेतिकडे बघायला लागला की याला कोण आनंद. मागच्या भिंतीवर त्याचा विशेष जीव. तिच्यातून धुराची एक रेघ आत येऊ नये म्हणून त्याने ती स्वतः बांधली होती, स्वतः लिंपली होती.

मिस्त्री उंचीने बेताचा, मिशीने भरपूर आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. खोलीत पाऊल टाकायच्या आधीच तो दोष सांगून मोकळा व्हायचा. दोष भलताच निघाला तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. "मी तेच म्हणत होतो," असं म्हणून तो खऱ्या दोषाला आपल्या पंखाखाली घ्यायचा. मी त्याची चेष्टा करायचो, पण त्याच्याशिवाय दवाखान्यात करमायचंही नाही मला.

अशाच एका पौषात खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सून अडलेली. डॉक्टरांनी सोडवली, मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीची. हातात घेतली तर ओंजळ भरेना. "हिला ऊब हवी," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळं नंतर."

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खोली गार पडली.

मिस्त्री उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "लाकूड ओलं." सुकं लाकूड घातलं. भट्टी धडधडली, बंब गुरगुरायला लागला, खोली गारच. "काजळी," असं म्हणून तो धुरांड्यात शिरला आणि नखशिखान्त काळा होऊन बाहेर आला. खोली गारच. मग त्याने नळीवर हाताची पाठ टेकवली. बंबाच्या डोक्याशी जिवंत, माळ्यापर्यंत जिवंत, पुढे सगळी नळी गार. "क्षार बसलाय कोपऱ्यात," असं म्हणत तो नळी ठोकायला लागला. त्या आवाजाने बाळंतीण दचकून उठली.

डॉक्टर दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, टाकीत पाणी आहे का?"

मिस्त्री शिडीने वर गेला. टाकीतलं पाणी नळीच्या तोंडाच्या खाली गेलं होतं. पाणी चढत होतं, पण उतरायला वाटच नव्हती.

"मी तेच म्हणत होतो," वरून आवाज आला.

पण भरलेली टाकी रिकामी झाली कशी? मी खाटेखाली वाकलो. तोटीखाली एक हंडी होती, अर्धी भरलेली. दवाखान्याची मोलकरीण रोज सकाळी म्हातारीला बादलीभर ऊन पाणी आणून द्यायची. म्हातारी ते मुकाट्याने अंगणात ओतायची आणि तोटीतून पाणी घेऊन सुनेला नि नातीला न्हाऊ घालायची.

"आजी, बादलीतलं पाणी काय वाईट होतं?" मी विचारलं.

"ता भायेरचा पानी," म्हातारी म्हणाली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "बालतीनीचे खोलीत भायेरचा पानी येत नाय. खोलीतलाच पानी लागतो."

तिचं काय चुकलं, सांगा. खोलीतलं पाणी म्हणजे नळीतलं पाणी. तिने तेच घेतलं.

दोष सापडला, आता टाकी भरली की झालं, असं आम्हाला वाटलं. पण म्हातारी गोधडी गोळा करायला लागली होती. "मी सुनेला घरा नेतंय."

डॉक्टर पुढे झाले. "आजी, बाहेर वारा किती आहे. हिला घाटातून नेली तर ही घरापर्यंत पोचायची नाही."

"घरा इस्तू हाय," म्हातारी म्हणाली. "अठं नाय."

"अहो, ऊब आहे ना!" मिस्त्री कळवळून म्हणाला. "थोडी गेली होती, आता परत येईल. विस्तव दिसत नाही तीच तर गंमत आहे!"

"ऊब हाय रं बाबा. पन इस्तू दिसत नाय, तं पोरीची राखन कोन करील?"

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, शिपायाला दारात उभा करू या. ते म्हणाले, "आज शिपाई उभा केला तर उद्या डोंगरातली एकही बाई इथे पाय ठेवणार नाही." आणि ते म्हातारीशी पुन्हा बोलायला वळले, पण त्यांचा आवाज पडला होता.

मिस्त्री खाटेजवळ गेला. गोधडीतून मुलीचं पाऊल बाहेर आलं होतं. त्याने त्याला हाताची पाठ लावली. मी वाट बघत होतो की आता हा पुकारा करील. त्याने ते गार पाऊल नुसतं गोधडीत सरकवलं.

मग तो उठला. "आजी, थोडं थांबा. मी म्हणेन तोवर थांबा," असं म्हणून बंबखोलीत गेला. भट्टीतली लाकडं ओढून काढली, निखारे पाणी मारून विझवले. माझ्याकडून टाकी भरून घेतली. आणि भट्टी निवते न निवते तोच पहार घेऊन बाळंतिणीच्या खोलीत आला आणि आपल्या त्या लाडक्या भिंतीवर घाव घातला.

"मिस्त्री!" डॉक्टर ओरडले. "भिंत कोणाला विचारून फोडता?"

"बांधली तेव्हा तरी कोणाला विचारलं होतं, साहेब?"

खाटेच्या समोर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, त्याने भिंतीतून थेट पलीकडच्या भट्टीत भोक पाडलं. भोकात आच सोसणाऱ्या, आरपार दिसणाऱ्या अभ्रकाचा एक तुकडा बसवला आणि कडा मातीने लिंपल्या. धूर येणार नाही, विस्तव दिसेल. स्वतःच्या हाताने झाकलेली करामत त्याने स्वतःच्या हाताने उघडी केली होती.

"आजी, चला. तुम्ही पेटवा," तो म्हणाला.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून बंबखोलीत गेली, काटक्या रचल्या, फुंकर घातली. इकडे भिंतीतला अभ्रक आधी पिवळा झाला, मग तांबडा. सुनेने मान वळवून तिकडे पाहिलं आणि पोरीला जवळ ओढलं. म्हातारी परत आली, त्या उजेडासमोर बसली आणि गोळा केलेली गोधडी तिने पुन्हा अंथरली.

दुपार कलली तेव्हा मिस्त्री नळीवरून हात फिरवत निघाला. "इथवर जिवंत! इथवर जिवंत!" शेवटच्या वळणावर आला, मग खाटेकडे. पावलाला हाताची पाठ लावली, आणि अगदी हळू म्हणाला, "इथवर जिवंत."

डॉक्टर चष्मा पुसत बाहेर गेले. मी चष्मा लावत नव्हतो, माझी पंचाईत झाली.

त्यानंतर तो रिवाजच पडला. डोंगरातून बाळंतीण आली की तिच्याबरोबरची म्हातारी आधी बंब पेटवायची, मग खाटेजवळ बसायची. खोलीत न्हाणाच्या पाण्याची वेगळी तोटीही मिस्त्रीने बसवून दिली. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत न्यायची त्याची सवय गेली नाही, फक्त आता तो म्हणायचा, "सांगा बरं, विस्तव दिसतो की नाही?"

पुढे काही वर्षांनी तो भाचीच्या लग्नाला नाशकाकडे गेला आणि तिकडेच तापाने गेला. निरोप एका गाडीवानाने आणला. डॉक्टरांनी त्या दिवशी बाहेरचे रोगी मलाच बघायला सांगितले.

त्याच थंडीत ती म्हातारी पुन्हा आली. या वेळी धाकटी सून होती. मागून एक काटकुळी, वळवळी पोर धावत आली आणि सरळ भिंतीतल्या अभ्रकासमोर जाऊन बसली. ही तीच, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

"तांबट कठं हाय?" म्हातारीने विचारलं.

"गेला, आजी."

बंबखोलीत जाऊन तिने विस्तव पेटवला. परत आली, आणि पाणी फिरेपर्यंत उजेडाकडे बघत बसून राहिली. मग उठली. नळीवर हाताची पाठ टेकवली. तळहात नव्हे, पाठ. टेकवत टेकवत ती शेवटच्या वळणापर्यंत गेली.

"अठंवर जिता हाय," ती म्हणाली.

मिस्त्री असता तर म्हणाला असता, मी तेच म्हणत होतो.