फुआतिनोच्या पायाशी ठेवलेला बास

पेनिएली सालेलोलोगा बंदराची बस चालवायचा, पण गावात त्याला ड्रायव्हर म्हणून कोणी ओळखत नसे. ओळख होती ती त्याच्या डाव्या हाताची. उजव्या हातानं भजनाचे सूर शाळेतली पोरंही धरतात. डाव्या हातानं सिंथेसायझरवर असा खर्जातला बास चालवायचा की बाकावर बसलेल्या माणसाच्या पोटात तो उतरावा, हे सावाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर एकट्या पेनिएलीला जमायचं.

शिकवलं होतं आत्यानं. फुआतिनो ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. चाळीस वर्षं चर्चच्या क्वायरपुढे उभी राहून ती हातांनी पन्नास जणांना गाववत होती. नवरा गेल्यावर तिचं दुसरं काही नव्हतं, आणि तिला हवंही नव्हतं.

पेनिएली आपल्या चुकांतून शहाणा झालेला माणूस. अठराव्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना त्यानं कीबोर्डची वायर उपटली. धाडकन आवाज झाला आणि स्पीकरचा पडदा फाटला. दुसरा स्पीकर एका लग्नात जाळला. लाल दिवा सारखा लागत होता, आणि ह्याला वाटलं शोभेचा आहे! त्यानंतर मात्र त्यानं नियम घालून घेतले. चालू करताना आधी वाद्य, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना बरोबर उलट. वाद्याचा सूर बदलायचा तर आवाज आधी शून्यावर. अगदी तळाचे, कानाला न कळणारे पण पडद्याला फाडणारे सूर बटण दाबून कापून टाकायचे. लाल दिवा दिसला की हात उचलायचा, मग समोर पाद्री असो की परमेश्वर.

"बायकोपेक्षा त्या स्पीकरच्या खोक्याला जास्त जपतोस," सिनालेई म्हणायची. ती त्याची बायको आणि क्वायरमधला सगळ्यात उंच आवाज.

"बायको फाटत नाही."

"फाडून बघ एकदा."

गेल्या वर्षी ऑकलंडहून बोटीनं दोन वस्तू आल्या. एक नवा बास सिंथेसायझर आणि छातीएवढ्या उंचीचा स्पीकर. पाठवणारा औकुसो, म्हणजे फुआतिनोचा धाकटा भाऊ. तिकडे कारखान्यात राबून वर आलेला. भेट बहिणीच्या मानासाठी होती, आणि त्या गावात मानाची भेट जिच्यासाठी आली तिच्याजवळ, सगळ्यांना दिसेल अशी ठेवतात. कोपऱ्यात सारली तर देणाऱ्याच्या थोबाडीत मारल्यासारखं होतं. म्हणून पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, खोक्याला फुलांच्या माळा घातल्या आणि ते फुआतिनोच्या पायाशी उभं केलं, तोंड तिच्याकडे करून. मध्ये अंतर जेमतेम दीड हात.

पेनिएलीनं तेव्हा खूप काही तपासलं. मागची भिंत किती लांब आहे, खोक्याचं हवेचं भोक मोकळं आहे ना, समुद्राची खारी हवा लागत नाही ना. पडद्याला धक्का नको म्हणून खाली जाड रबर घातलं. आत्या कुठे उभी राहणार, हे मात्र त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी बोलला नसता. आणि पाद्रीबाबांसमोर कानावर हात ठेवणं तिच्या पिढीला सात जन्मात जमलं नसतं. ती ताठ उभी राहिली. वर्षभर, आठवड्याला तीनदा.

मग ती बायकांवर ओरडू लागली. "तोंडं उघडा! उपाशी आलात का?"

"आत्याबाई मला म्हणाल्या, गात का नाहीस," सिनालेई घरी येऊन म्हणाली. "मी त्याच क्षणी घसा फाडून गात होते!"

"वय झालंय तिचं."

"वय काय गेल्या वर्षीच झालं?"

पेनिएली टॅरोचे कंद सोलत राहिला. उत्तर सोपं असताना माणसं बरेचदा असंच काहीतरी सोलत बसतात.

ऑगस्टमध्ये औकुसो स्वतः आला. रविवारी पांढरा कोट घालून पहिल्या बाकावर बसला. बसण्याआधी आपली भेट नीट ऐकू यावी म्हणून त्यानं कोणाला न विचारता अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवून ठेवलं होतं.

दुसरं भजन सुरू झालं. तिसऱ्या ओळीला पेनिएलीला बासमध्ये खरखर ऐकू आली. पडदा आपटत होता. लाल दिवा लागून राहिला होता, आणि तापलेल्या वॉर्निशसारखा वास येत होता. विचार करायला वेळ नव्हता. त्यानं डावा हात उचलला आणि अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. उजवा हात शेजारच्या जुन्या ऑर्गनवर चालूच ठेवला.

गायकांचं काही अडलं नाही. पन्नास माणसं, पुरुष खाली, बायका वर, छप्पर उचलतील अशी गात होती. सिनालेईचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून निघाला होता.

फुआतिनोचे हात हवेत थांबले.

तिनं क्वायरकडे पाहिलं, मग पेनिएलीकडे, आणि स्वयंपाकघरात विचारावं तसं मोठ्यानं विचारलं, "का रे थांबलात सगळे? काय झालं?"

पन्नास माणसं तिच्या समोर तोंडं उघडून गात होती.

 पेनिएलीचा उजवा हात कधी थांबला त्याला कळलं नाही. गाणाऱ्यांचे आवाज एकेक करून गळून पडले, आणि चर्चमध्ये खरोखरच शांतता झाली. गाणं होतं तेव्हा आणि ते थांबलं तेव्हा, फुआतिनोच्या चेहऱ्यावर काहीही फरक पडला नाही. ती तशीच, हात वर करून, उत्तराची वाट बघत उभी होती.

दुपारी जेवायला बसले तेव्हा कोणी पानाकडे बघेना. शेवटी फुआतिनोच बोलली.

"पायातून येतो ना ताल. फरशीतून. त्यावर हात चालतात माझे. मला वाटलं, तुम्हीच हल्ली हळू गाता."

सोमवारी शाळेत पोरांचे कान तपासायला नर्स नोएला येणार होती. पेनिएलीच्याच बसनं ती यायची. त्यानं आत्याला जवळजवळ ओढत नेलं. नोएलानं तिच्या कानांवर यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. फुआतिनोचं बोट बराच वेळ मांडीवरच राहिलं.

"अगदी तळाचे, घुमणारे आवाज तेवढे उरलेत," नोएला पेनिएलीला म्हणाली. "वरचे गेले. बायकांचे, लेकरांचे, पुरुषांचेही बरेचसे. शब्दातला 'स', शब्दातला 'फ'. दोन्ही कानांचे."

"परत येतील?"

"तुझ्या खोक्याचा पडदा फाटला तर काय करतोस?"

"नवा बसवतो."

"कानाचं तसं दुकान नाही, ड्रायव्हरसाहेब. बस आता तू."

"मी? मला खरखर आधी ऐकू येते, गावाला नंतर!"

"बस म्हणते ना."

तो हसत बसला. यंत्र लावल्याबरोबर त्यानं बोट वर केलं. बारीक शिट्टी, डावीकडून.

"मी अजून सुरूच केलेलं नाही," नोएला म्हणाली.

पेनिएलीचं हसू तिथंच गोठलं. ती शिट्टी त्याच्या कानात दोन-तीन वर्षं होती. सगळ्यांनाच ती येते, असं तो धरून चालला होता.

नोएलानं फार उपदेश केला नाही. खोकं गाणाऱ्यांपासून लांब न्या, आवाज निम्मा करा, तालमीत मध्येमध्ये कानांना विसावा द्या, आणि तू कानात हे बोळे घालत जा, म्हणून स्पंजच्या बोळ्यांची पुडी त्याच्या खिशात कोंबली.

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर त्यानं विषय काढला.

"काका, स्पीकर मागच्या भिंतीला न्यायचाय."

"माझी भेट मागच्या भिंतीला?" औकुसो उसळला. "गावासमोर नाक कापतोस माझं? आवाज मी वाढवला म्हणून हे सगळं?"

"एका दिवसाचं नाही हे, काका. वर्षभराचं आहे."

मध्येच फुआतिनोनं दोघांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय हलवताय?" पेनिएलीनं तिच्या समोर जाऊन सावकाश सांगितलं.

"नको," ती म्हणाली. "तो हलला की ताल गेला. ताल गेला की मी संपले."

"आत्या, उरलंय तेही जाईल. आणि तुझ्या समोर पोरी उभ्या राहतात. त्यांचंही जाईल."

तिनं मांडीवरचं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"पडदा फाटेल म्हणून काल भर भजनात हात उचललास," ती म्हणाली. "माझ्यासाठी वर्षभरात एकदा नाही उचललास."

 औकुसोनं खाली मान घातली. नोएलाच्या यंत्रानं जे सांगितलं होतं, त्याहून हे वाईट होतं. कारण हे खरं होतं, आणि पेनिएली शेजारी बसून हे सगळं होऊ देत होता, स्पीकरची कॉइल थंड आहे ना हे हातानं चाचपत.

बुधवारी चौघांनी मिळून खोकं मागच्या भिंतीला नेलं. औकुसो सकाळच्या बोटीनं गेला होता, न जेवता. त्या घरातून न जेवता जाणं म्हणजे दुखावून जाणं, ते सगळ्यांना समजलं.

तालमीला फुआतिनो उशिरा आली. पुढे गेली नाही. बायकांच्या दुसऱ्या ओळीत उभी राहिली आणि सिनालेईला म्हणाली, "जा पुढे. हात वर धर. थरथरू देऊ नकोस, पुरुष लगेच ताल सोडून पळतात."

"आत्याबाई, मला नाही जमणार."

"जा म्हणते ना!"

सिनालेई पुढे गेली. पेनिएलीनं बास धरला, निम्म्या आवाजात. फुआतिनो सिनालेईच्या हाताकडे डोळे लावून गाऊ लागली, पूर्वीसारखीच मोठ्यानं, आणि चांगली अर्धा सूर खाली. सिनालेईनं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, चालू दे. पहिलं कडवं संपलं. मागच्या ओळीतली एक पोरगी न राहवून खुदकन हसली.

फुआतिनोला ते ऐकू आलं नाही. पेनिएलीला आलं.