उंच गाडीची पायरी

२२ फेब्रुवारी, रविवार. जेवणं उरकून गाडीच्या सीटची कव्हरं शिवायला बसले. आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे कापड विकत आणायचा प्रश्न नव्हता. राखाडी चौकड्याचं उरलेलं कापड घेतलं. गाडीच्या काळ्या रेक्झिनच्या सीटवर लाल दोऱ्याची शिलाई आहे. दिसते ऐटदार, पण सोलापुरात फेब्रुवारीतच दुपारी तिच्यावर टेकलं की पाठ भाजते.

गाडी घेऊन दोन महिने झाले होते. त्याआधीची आमची गाडी बुटकी. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना तिच्यातून उठता येईना. एकदा दोघांनी ओढून बाहेर काढलं, तेव्हापासून त्यांनी बुटक्या गाडीचं नावच टाकलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांची धाकटी बहीण अक्कलकोटच्या पुढे एका गावात राहते. दिवाळीपासून ती अंथरुणावर आहे. आत्यांना तिला भेटायला नेता यावं, यासाठीच उंच गाडी घ्यायची ठरली. नवी परवडणारी नव्हती.

सात रस्त्याजवळच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात ही मिळाली. चार वर्षं वापरलेली, लाल, छतावर काळे दांडे, मागे उगाचच दोन सायलेन्सर. आधीचा मालक हौशी असावा. दुकानदाराने किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "मला चालवता येत नाही, हिला द्या." दुकानदार क्षणभर गडबडला, मग माझ्या शेजारी बसून सुरू झाला.

"मॅडम, हे बटण दाबा. स्पोर्ट मोड. गाडी उडते की!"

"मला उडायचं नाही, अक्कलकोटला जायचंय."

"गाडी शहरातच फिरलीय बघा. कच्च्या रस्त्यावर कधी उतरलीच न्हाय."

मी डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचललं. आत वाळलेली काळी माती आणि मूठभर हुरड्याचे दाणे होते. ते दाणे मी त्याच्या तळहातावर ठेवले. त्यावर भाव बराच खाली आला. मेकॅनिक नेऊन इंजिन बघितलं, टायर बघितले, विमा बघितला, कागद दोनदा वाचले. माणसांची मापं घेण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण त्या दिवशी टेप पर्समध्येच राहिली. सीट जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजायचं कुणालाच सुचलं नाही.

ते कळलं पूजेच्या दिवशी. दारात गाडी, चाकाखाली लिंबं, गल्लीतले आठदहा जण नारळ फुटायची वाट बघत उभे. आत्यांनी बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. नवरा म्हणाला, "आई, बस. पहिला मान तुझा." आत्यांनी पाय उचलला. तो पायदानाच्या वीतभर खालीच थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. शेजारचे काका म्हणाले, "अवो वैनी, उचलून ठिवू का?" सगळे हसले. नवरा घरात पळाला आणि चौरंग घेऊन आला. गाडीपुढे ठेवून म्हणाला, "हं, आता चढ."

आत्या चौरंगाकडे बघत एक पाऊल मागे सरकल्या. "ब्याड बाळा, नको मला. गुडघा धरलाय आज. तुमी जावा." आणि आत गेल्या.

त्यानंतर जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा तेच उत्तर: गुडघा. नवऱ्याने तो चौरंग खास आईसाठी म्हणून डिकीतच ठेवून दिला. दर रविवारी काढायचा, गाडीपुढे मांडायचा, हाक मारायचा. आतून "नको" आलं की पुन्हा डिकीत. शेवटी म्हणायला लागला, विकून टाकू ही गाडी. मला वाटायचं, त्या काकांच्या थट्टेचा राग आत्यांनी अजून धरलाय.

तर त्या रविवारी मी कव्हरं शिवत होते, आत्या शेजारी शेंगा फोडत होत्या, नवरा होटगीला एका ओळखीच्यांकडे गेला होता. आत्यांच्या भाचसुनेचा, म्हणजे त्या आजारी बहिणीच्या सुनेचा, फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "मावशी, जेवण टाकलंय हो आमच्या सासूबाईंनी. दार वाजलं की विचारतात, अक्का आली का. एकदा येऊन जावा की." आत्या "येते, येते" म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर शेंगा फोडायचं थांबल्या.

मला आडून बोलता येत नाही. मशीन बंद करून विचारलं, "आत्या, खरं सांगा. गुडघ्याचं आहे की त्या काकांचं?"

"त्याचं काय मनावर घ्यायचंय? त्याला स्वतःला खुर्चीतनं उठताना दोन माणसं लागतात."

"मग?"

आत्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाल्या, "श्रावणात ज्याच्यावर पोथी ठिवतो, त्याच्यावर चप्पल घालून पाय देऊ व्हय मी?"

चौरंग. दोन महिने तो डिकीत होता आणि त्याच्यावर मी गणवेशांचे गठ्ठे रचत होते. मलाही कळलं नव्हतं.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं!"

"चारचौघांत? लेकानं एवढ्या हौसेनं पळत जाऊन आणला, त्याला म्हणू तुला अक्कल न्हाय? आणि पूजेच्या दिवशीच अपशकुन झाला म्हणून गाडी परत करून आला असता त्यो."

तेही खरंच होतं. मी उठले. पहिल्यांदा टेप घेऊन सीटची उंची मोजली, मग आत्यांची कमरेपर्यंतची. मग कारखान्यात जाऊन एक लाकडी पेटी आणली. वरच्या फळीवरचे तागे काढताना बायका तिच्यावर उभ्या राहतात. तिच्यावर रबराची चटई ठोकली. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नव्हतं. आत्या पेटीवर आरामात चढल्या, पण तिथून पुढे गुडघा वाकेना.

"उलट्या फिरा," मी म्हटलं. "आधी बसा, पाय नंतर आत घ्या."

बसल्या. पण नुकत्याच चढवलेल्या कव्हरचं चौकड्याचं कापड खरखरीत, लुगडं त्याला धरून बसलं आणि त्यांना वळता येईना. मी पुन्हा मशीनवर गेले आणि पुढच्या सीटच्या कव्हरवर गुळगुळीत अस्तराचा तुकडा शिवला. या वेळी त्या अशा गर्रकन फिरल्या की गिअरवर आदळायच्याच राहिल्या.

"अगं, घसरगुंडी केलीस व्हय?" म्हणाल्या, पण उतरल्या आणि पुन्हा चढल्या. असं चार वेळा केलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. चौरंग धुऊन, पुसून त्याने देवघरात ठेवला. आईला एवढंच म्हणाला, "बोलायचं की गं."

"आता बोलले की," आत्या म्हणाल्या. "भाचसुनेला फोन लाव. उद्या येतो म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही दोघीच निघालो. आत्यांनी इरकल लुगडं नेसलं होतं, कपाळाला विभूती, मांडीवर शेंगाचटणीचा डबा. काका दारात दात घासत उभे होते. त्यांच्यासमोर त्या चढल्या, फिरल्या, दार ओढून घेतलं. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओलांडताना मी जरा जोरात दाबलं, तर म्हणाल्या, "हळू. ती कुटं पळून चाललीय? उठताच येत न्हाय तिला."

घरात गेलो तेव्हा मावशी, आत्यांची बहीण, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आत्यांनी कॉटवर बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मावशी वळल्या, बघितलं आणि कानडीत म्हणाल्या, एवढा उशीर? आत्याही कानडीत काहीतरी म्हणाल्या. मला निम्मंच कळलं. मग आत्यांनी भाचसुनेला दूधभाकरी कुस्करून आणायला सांगितली. मावशींनी आधी मान हलवून नको म्हटलं. मग एक घास घेतला. मग दुसरा.

अकराला परत निघायचं ठरलं होतं. मी बाहेर अंगणात आले, कारखान्यात फोन लावला आणि आज मी येत नाही, असं सांगितलं.