युद्धातला एक तास

"वेळ पाहिली कुणी?"

कुणी कसलीही बातमी घेऊन आलं की आमचे पोस्टमास्तर आधी हे विचारायचे. कुणाला मूल झालं असो, कुणाची म्हैस व्याली असो, नाहीतर भाऊबंदकीचा निकाल लागलेला असो. हात कोटाच्या आतल्या खिशात जायचा, साखळीचं घड्याळ बाहेर यायचं, चष्मा कपाळावर चढायचा, आणि ते उत्तराची वाट बघत राहायचे. समोरचा बहुधा ओशाळून म्हणायचा, "येळ कोन बघतो मास्तर, आमी पोर बघत होतो."

मी तेव्हा शहापूरच्या टपाल कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. बिऱ्हाड मुरबाडला, सासुरवाडीच्या आधाराने. शनिवारी मोटारीने घरी जायचं, सोमवारी परत. मधले पाच दिवस दोन्ही वेळचं जेवण मास्तरांकडे. घरात माणसं दोनच, मास्तर आणि त्यांची मुलगी इंदू. मुलगी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी आई गेली, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. मास्तरांनी पुन्हा लग्न केलं नाही.

रोज दुपारी चार वाजता तारेवरून वेळ यायची. त्या वेळी मास्तर खुर्चीतून उठून उभे राहत आणि भिंतीवरचं घड्याळ मिनिटाला मिनिट लावत. बाजारातले दुकानदार आपली घड्याळं घेऊन आमच्या दारात येत. शहापुरात एवढं खरं घड्याळ दुसरं नव्हतं आणि मास्तरांना त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता, असं मला वाटे.

पत्रिका ते फुकट करायचे. खेड्यातली माणसं "गुरं सोडली तवा झाला" असं सांगत, तर मास्तरांनी त्याचाही तक्ता करून ठेवला होता. धसईला गुरं साडेसातला सुटतात, म्हशाला आठला. आणि युद्धातल्या पोरांची तर खास काळजी. तुमच्यापैकी जुन्या माणसांना आठवत असेल, युद्ध चालू असताना सरकारने देशभरची घड्याळं एक तास पुढे ढकलली होती. तीनेक वर्षं तसंच चाललं. त्या वर्षांतल्या मुलाची पत्रिका करायची तर तो तास वजा करावा लागतो, नाहीतर लग्नरास बदलते आणि सगळे ग्रह भलत्याच घरात जाऊन बसतात. बाकीचे ज्योतिषी हे हमखास विसरत. मास्तर कागदाच्या कोपऱ्यात 'वजा १' लिहून त्याभोवती गोल काढत आणि मगच गणिताला हात घालत.

त्यांचा दुसरा नाद मात्र फक्त मलाच ठाऊक होता. मुंबईच्या रद्दीवाल्याकडून ते इंग्रजी पुस्तकं मागवत, मनाच्या डॉक्टरांची आणि तत्त्वज्ञांची. एका जाड वहीत डाव्या पानावर त्या माणसाचा विचार मराठीत लिहायचे आणि उजव्या पानावर त्याची पत्रिका. जन्मवेळ कुणाचीच माहीत नसे. मग मास्तर उलटे निघत. "देव मेला म्हणतो हा. म्हणजे गुरू बिघडलेला हवा. कुठे बसवू सांगा." एक जर्मन तत्त्वज्ञ फिरायला निघाला की त्याच्या गावातले लोक घड्याळं लावत. त्याच्यावर मास्तरांचा फार जीव. व्हिएन्नाच्या डॉक्टरचा मात्र त्यांना राग यायचा. माणूस उगाच काही विसरत नाही, आत कुठेतरी त्याला विसरायचंच असतं, असं त्या डॉक्टरचं म्हणणं. "म्हणजे मी छत्री विसरलो तर मला भिजायचं होतं?" मास्तर विचारायचे, आणि इंदू आतून हसायची.

ती अठराची झाली तेव्हा स्थळ मीच आणलं. माझ्या बायकोचा मावसभाऊ, मुरबाडला शाळामास्तर. मुलगा सरळ होता. त्याची आई तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हती. दोघं शहापूरला येऊन मुलगी पाहून गेले. निघताना आई म्हणाली, "पत्रिका बित्रिका आमाला काय नको. पोरगी आवडली."

इंदूने पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर माझ्या बायकोला निरोप धाडला. मुरबाडच्या त्या घराची विहीर जवळ आहे का लांब, एवढंच तिने विचारलं होतं. ज्याला समजायचं त्याने समजावं.

पण मास्तर ऐकायला तयार नव्हते. "नको कशी? मागाहून म्हणतील लपवून ठेवली." त्यांनी कपाटातून इंदूची पत्रिका काढली. तिच्या जन्माच्या आठवड्यातच मांडलेली, कागद पिवळा पडलेला. आठव्या घरात मंगळ. आठवा मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका, हे आपल्याकडे न शिकलेल्या बाईलाही माहीत असतं. मास्तरांनी नक्कल केली आणि त्या मंगळाभोवती तांबड्या पेन्सिलीने खूण केली. कुणी म्हणायला नको की बारीक अक्षरात होतं म्हणून दिसलं नाही.

तो लखोटा मी नेला. शहापूर ते मुरबाड सगळी वाट तो माझ्या खिशात होता. मी तो फाडून टाकला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करतो.

आईने पत्रिका कुणाला तरी दाखवली आणि आठ दिवसांत नकार आला. "मला एकुलता एक हाय रे," ती मला म्हणाली. तिचंही काही चुकलं नाही. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निदान फसवलं तर नाही." इंदू पाणी आणायला गेली होती. तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

पाचसहा महिन्यांनी धसईचा एक शेतकरी लग्नाला आलेल्या मुलाच्या पत्रिकेसाठी आला. बायको अडली म्हणून तिला गाडीत घालून शहापूरच्या दवाखान्यात आणली होती, मुलगा तिथेच झाला. जन्मवेळ चक्क चिठ्ठीवर लिहिलेली. मास्तर खूश झाले. कोपऱ्यात 'वजा १' लिहिलं, गोल काढला, गणित केलं. मंगळ नवव्या घरात आला, अगदी निर्धोक. मग त्यांची नजर पुन्हा तारखेवर गेली. इंदूचीच तारीख, वेळही जवळजवळ तीच.

ते उठले, घरी गेले आणि इंदूची पत्रिका घेऊन परत आले. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. कोपरा कोरा होता.

"अठरा पोरांचा तास वजा केला मी," ते म्हणाले. "एकीचा राहिला."

बायको गेली त्या आठवड्यात मांडलेली पत्रिका. कचेरीच्या घड्याळात जे दिसलं ते लिहिलं आणि ते गणित पुन्हा कधी उघडलं नाही. मी म्हटलं, त्या दिवसांत कुणीही विसरलं असतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि इंदूची पत्रिका नव्याने मांडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते माझ्याबरोबर मुरबाडला आले. नवी पत्रिका, जुनी पत्रिका, पंचांग, सरकारच्या हुकमाचं जुनं कात्रण, सगळं पिशवीत. मुलाच्या आईने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरकारने घड्याळ हलवला म्हनून मंगळ हलला?"

"मंगळ तिथेच होता हो. मोजायला मी चुकलो."

"मास्तर, तुमी पयली दिली ती आमी खरी मानली. तुमच्या शब्दावर कोन शंका घेतो? आता तुमीच सांगता ती खोटी. मंग ही खरी कशावरनं?"

मुलगा चटईची काडी उपटत बसला होता. एकदा त्याने मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती.

मुलीच्या बापाने पत्रिका बदलून आणणं आपल्याकडे नवीन नाही. घरोघर वेळा सरकवतात आणि लग्नं जुळतात. मास्तरांनी तेवढं केलं नव्हतं म्हणून त्यांची चूक सगळ्यांनी खरी धरली, आणि दुरुस्त केली तेव्हा तीच लबाडी ठरली. मुलाचं लग्न त्याच वर्षी कल्याणच्या मुलीशी झालं. शहापूरच्या बाजारात 'मास्तरांनी पोरीचा मंगळ हलवला' हा विनोद झाला. पुढे दोन स्थळं आली, त्यांच्यापर्यंतही तो पोचला. मग कुणी आलं नाही.

मास्तरांनी पत्रिका करणं सोडलं. वहीत मात्र व्हिएन्नाच्या डॉक्टरचं पान उघडून तासन् तास बसत. एक दिवस जेवताना, इंदू वाढत असताना, ते मला म्हणाले, "तो बरोबर आहे हो. ही जाऊ नये असं माझ्या मनात होतं. म्हणून विसरलो." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना गो? मीच तुला अडवली."

"भात निवतोय, नाना," इंदू म्हणाली आणि तिने त्यांच्या पानात आमटी वाढली.

खरं होतं का ते? मला माहीत नाही. खोटं आहे असं त्यांना छातीठोकपणे सांगणारा कुणी हवा होता, आणि तो मी नव्हतो. माझी लवकरच मुरबाडला बदली झाली आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा पहिली मोटार पकडून शहापूरला गेलो. चार माणसं जमली होती. पंचक लागलंय का ते बघायला गुरुजींनी विचारलं, "प्राण किती वाजता गेला? वेळ पाहिली कुणी?"

इंदू उशाशी बसली होती. पहाटेपासून ती तिथून हलली नव्हती. ती म्हणाली, "नाही पाहिली."

माणसं बांबू आणायला गेली तशी ती हळूच मला म्हणाली, "पाहिली होती, भाऊ. सात वाजून बावीस मिनिटं."

"मग सांगितली का नाहीस?"

"आमच्या घरातली वेळ आता कोण खरी धरणार?"

तिने उशाजवळचं साखळीचं घड्याळ उचललं आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. तारेच्या वेळेवर लावलेलं माझं घड्याळ. मिनिटाचाही फरक नव्हता.