पंच क्रमांक दोन

भूतबित, भानामती असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर "चल, हट!" म्हणणारा माणूस. तीस वर्षं दारूबंदी खात्यात जवान होतो. नशेत माणसाला काय काय दिसतं ते रोज बघितलंय. पण त्या दुपारी मी पुरता शुद्धीत होतो... सकाळपासून चहासुद्धा मिळाला नव्हता.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. शिंदीची झाडं वाळून खराटा झालेली, ताडीसारखा रस थेंबभर निघंना. दुकानात मात्र शिंदीचा पूर! सगळी करामत पावडरीची. हैदराबादकडनं क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं औषध यायचं, पाण्यात कालवलं की झाली शिंदी. लोकांना त्याची लई वाईट सवय लागलेली, एक दिवस चुकला तर हातपाय वाकडे व्हायचे. माझा थोरला भाऊ आण्णा त्यातलाच. आमचं गाव बेंबळीच्या बाजूला. तिथलं दुकान त्या दुपारच्या चार दिवस आधी आम्हीच सील केलं होतं. मला वाटलं, बरं झालं, सुटंल आता.

त्या दिवशी नळदुर्गच्या अलीकडं ट्रक अडवला. चारा छावणीची पेंड. आत पावडर असल्याची खबर पक्की होती, पण पोत्यामागून पोती फोडली तरी हाती काही लागंना. साहेब वैतागले, "सोडा रे, तिकडं जनावरं उपाशी मरतायत."

तेवढ्यात मागनं आवाज आला — "वरची कशाला फोडता? केबिनला लागून खालचं पोतं बघा की."

आण्णा! अंगात बंडी, पायात काही नाही. गावाहून इथवर यायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागायच्या. पोतं फोडलं... आत पावडरीच्या पिशव्या.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक ढाबेवाला झाला. साहेबांनी आण्णाकडं बोट करून मला विचारलं, "ओळखीचा आहे का?" नात्यातला पंच चालत नाही, हे खरं. पण मनातलं सांगतो, शिंदीवाला भाऊ साहेबांपुढं कबूल करायची मला लाज वाटली.

"न्हाय साहेब."

आण्णानं माझ्याकडं नुसतं बघितलं. हात थरथरायचा म्हणून कित्येक वर्षं अंगठा देणाऱ्या माणसानं झोकात सही केली. मी लाख वितळवून सील मारलं, वर बघतो तर गडी गायब.

संध्याकाळी निरोप आला, आण्णा गेला.

गावी पोचल्यावर कळलं, तीन दिवस झटके येत होते, म्हणून त्याला बाजेला बांधून ठेवलं होतं. दुकानाला सील मारणारे हात माझेच. वहिनी रडत म्हणाली, "दुपारी शुद्धीवर आले, भाऊजी. म्हणाले, उजवा हात सोडा, सही करायची हाय. सोडला... आन् गेले."

पंचनामा पुढं कितीदा तरी बघितला. सही त्याचीच, शाळेतल्या वळणाची. डॉक्टरानं एक सांगितलं, देवऋष्यानं दुसरंच. मला आजवर एकही पटलेलं नाही.

आण्णा ट्रकापाशी आला होता, एवढं मी वहिनीला सांगितलंय. आता ती थकलीय, फारसं बोलत नाही. पण गावी गेलो की हमखास विचारते, "भाऊजी, बोललात न्हवं त्यांच्याशी?"

मी व्हय म्हणतो.